कायद्याच्या नावातून गेलेली सुईण

मुंबई राज्याने १९५४ साली जो कायदा केला त्याच्या नावात तिघींना जागा होती: नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर. पुढे महाराष्ट्र राज्य झाले, साऱ्या विभागांना लागू होईल असा एकच कायदा करायची वेळ आली, आणि १९६६ साली जो कायदा झाला त्याचे नाव ठेवले गेले ‘महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट’. मिडवाइफला कोणी हाकलून दिले नव्हते. ती ‘नर्स’ या शब्दाच्या पोटात गेली, एवढेच. त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी, २०२३ मध्ये, संसदेने नर्सिंगच्या शिक्षणाचा आणि व्यवसायाचा नवा कायदा केला, त्याचे नाव ‘नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशन ॲक्ट’, आणि पोटात गेलेला शब्द पुन्हा वर आला. कायद्याच्या नावावर इतका भर कशाला, असे कोणी म्हणेल. पण या मधल्या काळात जे घडले ते मला आपल्या वैद्यकीय इतिहासातले फार मोठे नुकसान वाटते, आणि ते आपल्या ध्यानातही आलेले नाही. नर्सिंगमधली सर्वांत जुनी विशेष विद्या आपण तिचे शिक्षण बंद करून नव्हे, तर ते चालू ठेवून गमावली. विषय अभ्यासक्रमात राहिला, परीक्षेत राहिला, प्रमाणपत्रावर राहिला. ती विद्या घेऊन आयुष्यभर तेच एक काम करणारी बाई मात्र राहिली नाही.

हे आज तपासायचे कारण असे की नर्सिंगमध्ये विशेष शाखांचे दिवस आले आहेत. एम.एस्सी. नर्सिंगला मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, मनोविकार, सामुदायिक आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग अशा शाखा आहेत. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला आहे. कर्करोग, हृदयविकार, शस्त्रक्रियागृह यांसाठी वर्षावर्षाच्या पदविका आहेत. या सगळ्यामागे एक समजूत आहे: वेगळा अभ्यासक्रम काढला की वेगळी तज्ज्ञ तयार होते. मिडवायफरीचा इतिहास या समजुतीला सरळ छेद देतो. अभ्यासक्रमाला तीन गोष्टींची जोड लागते: त्याच कामाचे पद, त्या पदावर टिकून राहण्याची सोय, आणि काही निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेण्याचा अधिकार. यांतली एक जरी नसली तर शिक्षण माणसाच्या डोक्यात राहते आणि हातातून जाते.

जुन्या सुईणीपासून सुरुवात करावी लागेल, कारण पुढच्या सगळ्या घडामोडींवर तिची सावली आहे. गोव्यात तिला वैजीण म्हणत, इतरत्र सुईण किंवा दाई. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत हे काम मांग समाजातल्या बाईकडे असे, काही ठिकाणी न्हाव्याच्या घरातल्या बाईकडे. कळा सुरू झाल्या की तिला बोलावणे जाई. मूल पायाळू आहे की आडवे, हे ती पोटावर हात फिरवून सांगे, नाळ कापी, वार पुरी, नंतर कित्येक दिवस बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घाली. पाचवीची पूजा होईपर्यंत घर तिच्यावर विसंबून असे. आणि तरी ज्या हातांनी मूल जगात आणले त्या हातांचा विटाळ मानला जाई. बाळंतपणाचे रक्त अशुद्ध, म्हणून ते काम खालच्या मानलेल्या जातीकडे, आणि ते काम त्या जातीकडे म्हणून त्यातली विद्याही हलकी, असे हे दुहेरी कुलूप होते. मोबदला म्हणजे धान्य, लुगडे, चार पैसे. तिच्या विद्येत अनुभवाने मुरलेले शहाणपण होते, तसे घातक अज्ञानही होते. न धुतलेला हात, गंजलेले पाते, नाळेवर लावलेली राख किंवा शेण यांनी धनुर्वाताला आणि सूतिकाज्वराला वाट मिळे. हे नाकारून सुईणीचा गौरव करण्यात काही अर्थ नाही. मात्र जंतू असतात हे जिला कोणी सांगितलेच नव्हते तिला जंतूंबद्दल दोष देताना, त्याच काळात युरोपातल्या शिकलेल्या डॉक्टरांचे हातही मृत्यू वाहून नेत होते, हे लक्षात ठेवावे लागते. इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात दाखवून दिले की जिथे वैद्यकीचे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतपणाला येत, तिथे मृत्यूचे प्रमाण सुईणी शिकत असलेल्या शेजारच्या विभागाच्या दुपटीहून अधिक होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आपण दिवा हातात घेतलेल्या नर्सशी जोडतो, पण या विषयाशी तिचा संबंध त्याहून खोल आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या निधीतून नर्सिंगची शाळा निघाली. लगोलग किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणपणाच्या शिक्षणासाठी एक वॉर्ड सुरू झाला. सूतिकाज्वराने तिथे बायका दगावू लागल्या आणि १८६७ मध्ये तो बंद करावा लागला. नाइटिंगेलने हे अपयश झाकले नाही. ठिकठिकाणचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये तिने प्रसूतिगृहांवर पुस्तक लिहिले आणि त्यात मांडले की संस्थांमधल्या बाळंतपणांत घरच्या बाळंतपणांपेक्षा मृत्यू जास्त होतात. त्याच पुस्तकात तिने आणखी एक भेद केला आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. बाळंतिणीची शुश्रूषा करणारी नर्स वेगळी आणि बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडणारी मिडवाइफ वेगळी. पहिलीला सहा महिने पुरतील, दुसरीला दोन वर्षे लागतील, असा तिचा हिशेब होता. म्हणजे आधुनिक नर्सिंगच्या जन्मदात्रीनेच बजावून ठेवले होते की ही दोन कामे एकात एक मिसळू नका.

इंग्लंडने हा भेद कायद्यातही पाळला. तिथे मिडवाइफांच्या नोंदणीचा कायदा १९०२ मध्ये झाला, आणि नर्सेसच्या नोंदणीचा त्यानंतर सतरा वर्षांनी, १९१९ मध्ये. आपल्याकडेही क्रम तोच होता. मद्रासमध्ये सुईणींच्या शिक्षणाची सरकारी सोय १८५४ मध्ये झाली. नर्सिंगची रीतसर शाळा तिथे १८७१ मध्ये आली. १८८५ मध्ये लेडी डफरिनने हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून जो निधी उभारला, त्याच्या उद्देशांत डॉक्टर आणि नर्स यांच्या बरोबरीने मिडवाइफ तयार करणे हेही होते. पुढच्याच वर्षी मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून कामा हॉस्पिटल उघडले. एडिथ पेची तिथे प्रमुख झाली आणि तिने नर्सेसच्या शिक्षणाचाही पाया घातला. याच १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पहिल्या मराठी स्त्री-डॉक्टरने लिहिण्यासाठी निवडला तो बाळंतपणाचा विषय, आणि तोही आपल्याकडच्या परंपरेत त्याचे काय ज्ञान आहे या अंगाने. आनंदीबाई पुढच्याच वर्षी गेल्या. त्या जगत्या तर नेमणूक झालेल्या कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांनी जुन्या सुईणीशी कसला संवाद केला असता, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

जुन्या सुईणीला शिकवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. लेडी कर्झनने १९०३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ जो निधी काढला तो खास दायांच्या शिक्षणासाठी होता. वर्गाला येणाऱ्या दाईला पैसे दिले जात, कारण वर्गात बसलेल्या दिवसाची तिची कमाई बुडे. १९१८ मध्ये या निधीने आपल्या कामाचा अहवाल छापला. त्यात देशभरातल्या स्त्री-डॉक्टरांचे अनुभव आहेत आणि त्यांचा सूर बहुतांशी निराशेचा आहे. दाई ऐकून घेते आणि घरी जाऊन जुनेच करते, ही तक्रार त्या काळी नेहमीची होती. यातून निष्कर्ष काढला गेला तो असा की दाई सुधारणार नाही, तिला बाजूलाच सारले पाहिजे. १९२७ मध्ये कॅथरीन मेयोने ‘मदर इंडिया’त दाईचे जे चित्र रंगवले त्याने देशभर संताप उसळला, पण मेयोवर तुटून पडलेल्या आपल्या सुधारकांचेही दाईबद्दलचे मत फारसे वेगळे नव्हते. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. शिकलेल्या दाईला न शिकलेल्या दाईपेक्षा जास्त मोबदला मिळण्याची काही व्यवस्था नव्हती. उकळलेले पाणी, स्वच्छ कापड, साबण याचा खर्च घरच्यांनी करायचा, आणि विटाळाच्या खोलीत घरातली सर्वांत फाटकी गोधडी टाकायची हा रिवाज होता. अडलेल्या बाईला कुठे न्यायचे, तर जवळ रुग्णालय नव्हते. वर्गात ऐकलेले पाळायला लागणारी एकही गोष्ट दाईच्या हातात नव्हती. शिक्षण दिले आणि बाकीचे काहीच दिले नाही, हा या कहाणीतला पहिला प्रसंग. पुढे तो पुन्हा पुन्हा घडत गेला.

याच सुमारास नर्सचे नशीब वेगळ्या वाटेने उजळत होते. सुरुवातीला नर्सिंगमध्ये युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती मुलींचाच भरणा होता. मिरजेला विल्यम वॉनलेस यांच्यासारख्यांनी उभारलेल्या मिशन रुग्णालयांनी या मुलींना शिकवले आणि प्रतिष्ठेची नोकरी दिली. हिंदू घरांतल्या बायकांसाठी ही वाट उघडण्याचे श्रेय पुण्याच्या सेवासदनाला जाते. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये ती संस्था काढली आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवण्याचे धाडस केले. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढायचे, हे ज्या समाजात अब्रूचे प्रश्न होते तिथे या बायकांनी जे सोसले असेल त्याला मोजमाप नाही. पण या उजेडाची दुसरी बाजूही आहे. नर्स हा नवा शब्द होता, त्याला जातीचा इतिहास नव्हता. पांढरा गणवेश, टोपी, वसतिगृह, मेट्रनची शिस्त यांनी त्याला मान मिळवून दिला. सुईण या शब्दाला मात्र गावकुसाचा वास लागलेला होता. शिकलेल्या मुलीला कोणी सुईण म्हटले तर ती शिवी वाटावी, अशी स्थिती होती. सरकारी मराठीने पुढे ‘प्रसाविका’ हा शब्द घडवला तो बहुधा याच अडचणीतून. तो कागदावरच राहिला. लोकांनी ए.एन.एम.ला, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफला, ‘सिस्टर’ म्हटले, ‘नर्सबाई’ म्हटले; ‘प्रसाविकाबाई’ अशी हाक कोणी मारली नाही. ज्या कामाला मानाने हाक मारता येईल असा शब्दच उरला नाही, ते काम शिकलेल्या मुलीने आयुष्यभर का करावे? म्हणून शिकलेल्या मुलींनी नर्स होणे पसंत केले, आणि त्यात त्यांचा दोष काढता येत नाही.

तरीही स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मिडवाइफ ही वेगळी व्यक्ती आहे, हे राज्यकर्त्यांना मान्य होते. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्यानुसार सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस होत्या सुमारे ७,०००, मिडवाइफ सुमारे ५,००० आणि हेल्थ व्हिजिटर ७५०. दरवर्षी सुमारे २,००,००० बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात मरतात, असा समितीचा अंदाज होता. तिने आखलेल्या दीर्घ पल्ल्याच्या योजनेत १९७१ पर्यंत १,००,००० मिडवाइफ हव्या होत्या. हिशेब सरळ होता, दर शंभर बाळंतपणांमागे एक. यातला आकडा जितका बोलका आहे तितकेच त्याचे मोजमापही. नर्सेसची गरज लोकसंख्येवर काढली होती, मिडवाइफची बाळंतपणांवर. म्हणजे तिचे काम काय आणि एका बाईच्याने ते किती होईल, याची नेमकी कल्पना समितीला होती. १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदाही नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर अशा तिघींच्या शिक्षणाचा दर्जा एकसारखा करण्यासाठी होता.

पण इतक्या मिडवाइफ आणायच्या कुठून, हा प्रश्न होताच. १९५१ मध्ये पंजाबातल्या तरन तारन इथल्या सेंट मेरीज रुग्णालयात एक नवा अभ्यासक्रम सुरू झाला: ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे ए.एन.एम. मुदत दोन वर्षे, प्रवेशाला सातवीपर्यंतचे शिक्षण. खेड्यातली मुलगी शिकून खेड्यातच बाळंतपणे करील, ही कल्पना मुळात चांगली होती आणि पहिल्या काळात अशा बायकांनी ती खरीही करून दाखवली. पण १९६० च्या दशकात कुटुंबनियोजनाला लक्ष्यांची जोड मिळाली आणि सरकारी यंत्रणेला गावात घरोघर जाऊ शकणारी जी एकच बाई होती तिच्यावर ती लक्ष्ये येऊन पडली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने निरनिराळ्या रोगांसाठी वेगवेगळे कर्मचारी नकोत, बहुउद्देशीय कर्मचारी हवेत, असे सुचवले. त्याबरोबर ए.एन.एम. ही बहुउद्देशीय आरोग्य सेविका झाली. १९७७ मध्ये तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आला. कामे वाढली आणि शिकण्याचा वेळ कमी झाला. लसीकरण, पाहण्या, शस्त्रक्रियेच्या शिबिरांना बायका आणणे, नोंदवह्या. त्यातून वेळ उरला तर बाळंतपण. काही हजार माणसांमागे एक उपकेंद्र आणि तिथे एकटी बाई, रात्री-अपरात्री हाक आली तर जायला वाहन नाही, सोबत नाही. अनेक ए.एन.एम. गावात राहीनाशा झाल्या त्याला कामचुकारपणा म्हणणे सोपे आहे. वर्षाकाठी मोजकीच बाळंतपणे वाट्याला आली की हात विसरतो, हात विसरला की भीती वाटते, आणि भीती वाटली की पेशंट पुढे पाठवला जातो. विद्या जाते ती अशी, एकेक बाळंतपण टाळत.

वरच्या पातळीवरही हेच, फक्त नीटनेटक्या कपड्यांत. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली, १९५९ मध्ये दिल्लीत पदव्युत्तर शिक्षण आले, १९६४ मध्ये मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय निघाले. नर्सिंग विद्यापीठात पोचले हा मोठा विजय होता आणि त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. जुन्या पद्धतीत नर्सिंगची तीन वर्षे झाल्यावर मिडवायफरीचे काही महिने वेगळे असत. पुढे तो भाग मुख्य अभ्यासक्रमातच मुरवला गेला, आणि उत्तीर्ण होणारी प्रत्येक मुलगी एकाच वेळी ‘रजिस्टर्ड नर्स’ आणि ‘रजिस्टर्ड मिडवाइफ’ ठरू लागली. कागदावर पाहिले तर भारतात लाखो मिडवाइफ आहेत. प्रत्यक्षात त्यांतली एखादी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागते, सहा महिने लेबर रूममध्ये असते, मग तिची पाळी अस्थिरोग वॉर्डात लागते, मग बाह्यरुग्ण विभागात. बढती मिळून ती परिसेविका होते, अधिसेविका होते. वीस वर्षे बाळंतपणे केलेली प्रसाविका म्हणून तिला बढती मिळायची शिडीच नाही. प्रसूतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली नर्स बहुधा महाविद्यालयात शिकवायला जाते, म्हणजे जिची विद्या सर्वांत पक्की तीच लेबर रूमपासून सर्वांत दूर. आंतरराष्ट्रीय मिडवाइफ संघटनेच्या निकषांनुसार नर्स झालेल्या व्यक्तीला मिडवाइफ होण्यासाठी आणखी किमान अठरा महिने शिकावे लागते, आणि थेट प्रवेश घेणाऱ्याला तीन वर्षे. आपल्या दुहेरी प्रमाणपत्रातला दुसरा शब्द त्या मापाला उतरत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गरिबीचा आहे. ज्या देशाकडे पैसा आणि माणसे दोन्ही कमी होती त्याने एका बाईला चार कामे शिकवली तर त्यात चूक काय? प्रत्येक कामाला वेगळी तज्ज्ञ ही श्रीमंतांची चैन आहे. हा युक्तिवाद मला बराच काळ पटण्यासारखा वाटला असता, जर श्रीलंका आपल्या शेजारी नसती. तो देशही गरीब होता, तोही इंग्रजांच्या अमलाखाली होता. १९२६ मध्ये कळुतरा इथे आरोग्य केंद्राचा प्रयोग सुरू झाला आणि त्यातून सार्वजनिक आरोग्य मिडवाइफ उभी राहिली: ठरावीक वस्तीत राहणारी, दीड वर्ष शिकलेली, वरून देखरेख असलेली आणि मुख्यतः आई-बाळाचेच काम करणारी. १९३० च्या आसपास तिथे एक लाख जिवंत जन्मांमागे दोन हजारांच्या घरात माता मरत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा आकडा शंभराच्या पुष्कळ खाली होता, आणि देश तेव्हाही श्रीमंत झालेला नव्हता. त्यामागे मुलींचे शिक्षण होते, रस्ते होते, मोफत रुग्णालये होती, हे खरे. एकट्या मिडवाइफला सगळे श्रेय देणे अन्यायाचे होईल. पण गरिबीमुळे वेगळी मिडवाइफ परवडत नाही हे म्हणणे तिथे टिकले नाही. गरिबाला तिची गरज अधिक होती.

दुसरा आक्षेप आजच्या यशाचा आहे, आणि तो मला मनापासून मान्य करावा लागतो. राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार रुग्णालयातल्या बाळंतपणांचे देशातले प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाले. महाराष्ट्रात ते तेव्हा ९४.७ टक्के होते. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रातला मातामृत्यूदर एक लाख जन्मांमागे ३३ वर आला, त्या वेळी देशाचा ९७ होता. रुग्णवाहिका, रक्तपेढ्या, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्याशिवाय हे झाले नसते. वेळेवर झालेल्या सिझेरियनने वाचलेल्या बाईला मिडवायफरीच्या इतिहासाशी काही देणेघेणे नसते, आणि ते योग्यच आहे. मग आता वेगळी मिडवाइफ कशाला? याचे उत्तर त्याच पाहणीतल्या दुसऱ्या आकड्यात आहे. २०१९-२१ मध्ये देशातल्या सरकारी रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के होते आणि खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. खाजगीत येणाऱ्या बायकांचे वय, आजार आणि पसंती वेगळी असेल हे धरूनही इतकी तफावत शरीरशास्त्राने समजावून सांगता येत नाही. एक कारण उघड आहे. नैसर्गिक बाळंतपण म्हणजे दहा-बारा तास शेजारी बसून राहणे, बाळाचे ठोके ऐकणे, पाठ चोळणे, धीर देणे, आणि नेमक्या क्षणी काही न करण्याचे ज्ञान असणे. हे काम प्रसूतितज्ज्ञाच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि सहा महिन्यांसाठी लेबर रूममध्ये आलेल्या नर्सला ते आपले वाटत नाही. सरकारी लेबर रूममध्ये एका वेळी पाच-सहा बायका कळा देत असतात तेव्हा तिथला ओरडा, तिथली हेटाळणी हीसुद्धा याच पोकळीतून येते. मूल जगले, आई जगली. पण त्या खोलीत तिचे माणूस असे कोणी नव्हते.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा: गुंतागुंत कधी उद्भवेल सांगता येत नाही, तेव्हा जबाबदारी डॉक्टरकडेच हवी. यात काळजी खरी आहे. पण हात बांधून ठेवलेली मिडवाइफ सुरक्षित नसते, ती धोकादायक असते. बाळंतपणानंतर रक्ताची धार लागली की घटका मोजत असतात. तिथे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देता येते की नाही यावर जीव असतो. ए.एन.एम.ने अशी जीवनरक्षक औषधे स्वतःहून द्यावीत, अशी रीतसर परवानगी आपल्या केंद्र सरकारने दिली ती या शतकाच्या पहिल्या दशकात. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ जिला आपण गावात एकटी ठेवली तिला जीव वाचवण्याचे साधन वापरायची उघड मुभा नव्हती. उलट स्वीडनने १८२९ मध्येच शिकलेल्या सुईणींना चिमटा आणि इतर प्रसूतीची हत्यारे वापरण्याचा अधिकार दिला, कारण दूरदूरच्या वस्त्यांत डॉक्टर पोचत नसत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथला मातामृत्यू युरोपातल्या अनेक संपन्न देशांपेक्षा कमी होता. अधिकाराबरोबर कडक शिक्षण, नोंदी आणि तपासणी होती, म्हणून तो पेलला. आपली मर्यादा कुठे संपते आणि डॉक्टरला कधी हाक मारायची हे ओळखणे हा या विद्येचा गाभा आहे. जिच्या नावावर निर्णयच नाही तिला ती सीमा शिकायची गरज पडत नाही. ती सगळेच पुढे ढकलते.

परतीचा प्रवास सुरू झाला आहे, पण त्याच्या पहिल्या पावलांतही जुनी चूक दिसते. या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम बंगाल आणि नंतर गुजरातमध्ये मिडवायफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम काढले गेले. मुली शिकल्या, आणि त्यांच्यासाठी पदेच निर्माण न झाल्याने पूर्वीच्याच जागी परतल्या. १९१८ च्या अहवालातल्या दाईसारखेच हे झाले. फरक इतकाच की या वेळी शिकणारी पदवीधर होती. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने २०११ पासून स्वतःच्या मिडवाइफ तयार केल्या आणि त्यांना आपल्याच लेबर रूममध्ये खरे काम दिले. २०१७ मध्ये तेलंगण सरकारने त्यांच्याशी हात मिळवून सरकारी नर्सेसना अठरा महिने शिकवायला सुरुवात केली. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: अठरा महिन्यांचे शिक्षण, जास्त बाळंतपणांच्या रुग्णालयांत मिडवाइफच्या हाती चालणारा स्वतंत्र विभाग, आणि गुंतागुंत झाल्यास शेजारीच डॉक्टर. कागदावर तरी शिक्षण, पद आणि अधिकार हे तिन्ही पहिल्यांदा एकत्र आले आहेत. पाच वर्षांनी कायद्याच्या नावात शब्द परत आला.

महाराष्ट्रात आज वर्षाला ढोबळमानाने अठरा ते एकोणीस लाख बाळंतपणे होतात. भोर समितीच्या हिशेबाने, दर शंभरामागे एक, तर या एका राज्याला अठरा हजारांहून अधिक अशा बायका हव्यात ज्या सकाळी कामावर येतील तेव्हा त्यांना ठाऊक असेल की आज, उद्या आणि दहा वर्षांनीही आपण याच खोलीत असणार आहोत.